तुटलेला बोल्ट कोणाचा?

"साहेब, तुटला तर बोलायचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीचा सायलेन्सर उतरवायला गॅरेजमध्ये गेलात की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आपण घाईघाईत मान डोलावतो. अर्ध्या तासाने 'कट्ट' असा आवाज येतो. बोल्टचं डोकं मिस्त्रीच्या पान्यात येतं आणि दांडा आतच राहतो. मग न बोलायचं कबूल केलेले आपण बोलतोच. "अरे, जरा हळू घ्यायचं ना!", "तुझ्या हातून तुटला, पैसे मी का देऊ?", "एका बोल्टचे बाराशे?" मिस्त्री चिंधीला हात पुसत उभा राहतो, शेवटी आठशेवर तडजोड होते आणि दोघेही आपण लुटले गेलो असं समजून घरी जातात.

तर मंडळी, या शनिवारचा विषय हाच. गंजून जाम झालेला बोल्ट काढताना तुटला, तर तो कोणाचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो बोल्ट गाडीच्या मालकाचा. मिस्त्रीने आधी बजावलं असेल आणि घिसाडघाई केली नसेल, तर बोल्टही मालकाचा आणि तो बाहेर काढायची मजुरीही मालकाचीच. गेल्या हिवाळ्यात दोन शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पडून राहिल्यावर हे मत पक्कं झालं आहे. त्या दोन शनिवारांबद्दल पुढे सांगतोच, पण आधी थोडं शास्त्र. 'अरे बापरे' म्हणून पान उलटू नका, सगळा निवाडा त्या शास्त्रातच आहे.

गाडीच्या सगळ्या बोल्टांमध्ये एक्झॉस्टचेच बोल्ट इतके का छळतात? दरवाज्याचे, सीटचे, अगदी चाकाचे नटसुद्धा वीस वर्षांनी निघतात. मग यांनीच काय घोडं मारलंय?

पहिलं कारण पाणी. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण बारावीचं रसायनशास्त्र आठवा. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळला की पाणीच होणार. इंजिन पुरेसं तापलेलं असेल तर हे पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पण घर ते स्टेशन, स्टेशन ते घर असे दोन-दोन किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीचा पाइप पूर्ण तापतच नाही. पाणी आतल्या आत साठतं आणि सायलेन्सर आतून कुजायला लागतो. थंडीत सकाळी शेपटाच्या पाइपातून टपटप गळतं ते हेच पाणी. जोडावरचं पॅकिंग जरा गळकं झालं की ही ओली, किंचित आम्लधर्मी वाफ थेट बोल्टांवर येते. बाहेरून पावसाचं पाणी आणि चिखल आहेच.

दुसरं कारण उष्णता. इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डमध्ये वायूचं तापमान जोरात चालवताना ७०० अंशांच्या घरात सहज जातं. साध्या बोल्टवर गंज रोखायला जस्ताचा मुलामा असतो. जस्त वितळतं ४१९ अंशांना. म्हणजे इंजिनाच्या जवळच्या बोल्टांवरचं ते चिलखत फार काळ टिकत नाही. मग रोज तापणं, रोज निवणं. तापताना फुगणं, निवताना आकसणं, आणि दर खेपेला फटीत थोडं पाणी आत ओढणं.

तिसरं कारण खुद्द गंज. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. बाहेर पत्र्यावर गंज चढला तर त्याला फुगायला मोकळी जागा असते, पापुद्रे धरतात आणि गळून पडतात. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये ही जागा नसते. तिथला गंज पाचर ठोकल्यासारखा दाबून बसतो. 'जाम झालाय' असं आपण म्हणतो तेव्हा आत हे झालेलं असतं.

आता जरा आकडेमोड. ८ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा साधा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला कसतात. तुम्ही पान्याला अर्धा मीटर लांब पाइप अडकवला आणि टोकावर फक्त २० किलोचा भार दिला, तर बोल्टवर जवळपास १०० न्यूटन-मीटर पडतात. चौपट! आणि २० किलो म्हणजे काही फार नाही, गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं. हा झाला नवाकोरा बोल्ट. गंजलेल्याची गोष्ट अजून वाईट. गोल दांड्याची पिळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. ८ चा दांडा गंजून ७ मिलिमीटर उरला, म्हणजे फक्त १ मिलिमीटर गेला, तर ताकद एक तृतीयांश कमी झाली. बाहेरून डोकं धडधाकट दिसतं, खालचा दांडा मात्र अर्धमेला झालेला असतो.

म्हणजे जाम बोल्टपुढे दोन शक्यता असतात. आट्यांतला गंज आधी सुटेल किंवा दांडा आधी तुटेल. यातलं काय होणार हे बाहेरून दिसत नाही. कोणालाच दिसत नाही. तीस वर्षं पाना फिरवलेल्या उस्तादालाही नाही आणि डिग्रीवाल्यालाही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ते दोन शनिवार. गाडी बाबांकडून आलेली छोटी हॅचबॅक. तिने बारा पावसाळे रत्नागिरीत काढलेले. समुद्राची खारी हवा काय करते ते कोकणातल्या, मुंबईतल्या आणि गोव्यातल्या गाडीवाल्यांना सांगायची गरज नाही. (मिशिगन-शिकागोकडे असलेल्या आपल्या मित्रांनाही नाही. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच टाकतात.) सायलेन्सरच्या मधल्या जोडावरचं पॅकिंग गेलं होतं, गाडी ट्रॅक्टरसारखी फुटफुटत होती आणि सिग्नलला थांबलं की आत धुराचा वास यायचा. हा वास हसण्यावारी न्यायचा नसतो. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंगही नाही आणि वासही नाही, पण धूर आत येतोय म्हणजे तोही आत येतोय. त्या जोडावर तीन आरपार बोल्ट होते. डोकं एका बाजूला, नट दुसऱ्या बाजूला. तिन्हींचा रंग चॉकलेटी.

शुक्रवारी रात्री तारेच्या ब्रशने नट घासले, उघडे आटे साफ केले आणि गंज सोडवायचा स्प्रे मारला. इथे एक गैरसमज दूर करतो. घरोघरी असतो तो निळा-पिवळा डब्लूडी-४० चा डबा १९५३ साली सॅन डिएगोमध्ये जन्मला आणि त्याच्या नावातल्या 'डब्लूडी'चा अर्थच पाणी हटवणारा असा आहे. अमेरिकेच्या ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून तो वापरला गेला. पाणी हटवायला उत्तम आहे, पण मुरलेला गंज सोडवायला खास वेगळे स्प्रे मिळतात. त्याच कंपनीचाही एक वेगळा आहे. आणि कुठलाही मारा, खरं औषध वेळ आहे. मारला आणि लगेच पाना लावला तर स्प्रे फुकट गेला. मी रात्री मारला, सकाळी मारला, दुपारी जेवणाआधी मारला. मधल्या वेळात हातोडीने डोक्यावर हलके ठोके, म्हणजे गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत झिरपतं.

दुपारी सहा कोनी सॉकेट लावला. बारा कोनी लावू नये, गंजलेल्या नटाच्या कोनांवर तो घसरतो आणि नट गोल होतो. एकदा नट गोल झाला की तुमचा आणि पान्याचा संबंध संपला. सुरुवात थोडं कसण्याच्या दिशेने करायची, अगदी थोडं. गंजाची पकड कुठल्याही दिशेने हलली तरी सुटते. जरासा हलला की पाव फेरा ढिला, परत आत, परत तेल, परत थोडा जास्त ढिला. आटे पाडताना टॅप जसा पुढे-मागे करतात तसंच. पहिला बोल्ट या पद्धतीने चाळीस मिनिटांत निघाला. निघताना तो कुरकुरत होता. हे कुरकुरणं चांगलं लक्षण असतं. पाना लोण्यासारखा मऊ फिरायला लागला तर घाबरायचं, कारण तेव्हा दांडा पिळत असतो.

दुसरा हलायला तयार नव्हता. मग उष्णता. छोटा गॅस टॉर्च घेतला. स्प्रे नीट पुसला आणि वाळू दिला (हे स्प्रे पेट घेतात), गाडी उघड्यावर होती, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक डबा, जवळपास पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी किंवा रबर नाही हे दोनदा पाहिलं. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. नट फुगला की आतलं भोक मोठं होतं. किती मोठं? नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला तर ८ मिलिमीटरवर जेमतेम ३ शतांश मिलिमीटर. डोक्याच्या केसापेक्षाही कमी. पण तेवढ्याने गंजाची पाचर तडकते. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत शोषलं जातं, ही युक्ती जुन्या फिटर लोकांची आहे आणि ती भन्नाट चालते. दुसरा निघाला.

तिसऱ्याला हे सगळं केलं. तेल, ठोके, वेळ, उष्णता, मेणबत्ती, पुढे-मागे. आठवडाभर रोज रात्री ऑफिसातून आल्यावर स्प्रे. पुढच्या शनिवारी परत सगळं पहिल्यापासून. अर्धा फेरा फिरला, मी खूश झालो, आणि कट्ट.

आता सांगा, यात चूक कोणाची? मी घाई केली नाही. पाइप लावला नाही. पुस्तकात आणि उस्तादाच्या तोंडून जे जे ऐकलं ते सगळं केलं, आणि तिसरा बोल्ट तरी तुटलाच. कारण तो माझ्या हातात येण्याच्या कितीतरी आधी, बहुतेक रत्नागिरीच्या सातव्या-आठव्या पावसाळ्यातच, तुटायला लागला होता. त्या शनिवारी फक्त आवाज आला.

गंमत म्हणजे त्याच वेळी शेजारचे काका पार्किंगमध्ये आले आणि म्हणाले, "अरे, इंजिनियर ना तू? मग हे काय घेऊन बसलास?" या एका वाक्यावर खरं तर अख्खा वेगळा लेख होईल. असो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार अनोळखी नाही. दहा वर्षं कोणी हात न लावलेलं मॉड्यूल असतं. तुम्ही त्यात एक ओळ बदलता आणि तिसरीकडेच काहीतरी कोसळतं. शेवटचा कमिट तुमचा, म्हणून बग तुमच्या नावावर. आधीच्या दहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'पुढच्या रिलीजला बघू' म्हटलं त्यांची नावं कुठेच येत नाहीत. अशा वेळी आपण किती तावातावाने भांडतो! "हे आधीपासूनच असं होतं" असं सांगणारी लांबलचक मेल पाठवतो, सोबत स्क्रीनशॉट. मिस्त्रीने तेच एका ओळीत आणि आधी सांगितलं तर मात्र आपल्याला तो पळवाट काढतोय असं वाटतं.

कामाच्या अंदाजाचंही तेच. आमच्या धंद्यात दोन प्रकारचे करार असतात. काम नेमकं ठाऊक असेल तर ठरलेली किंमत. आत काय निघेल हे माहीत नसेल तर लागतील तेवढे तास आणि त्यांचा दर. जुन्या सिस्टिमचं काम कुठलीही शहाणी कंपनी ठरलेल्या किमतीला घेत नाही, आणि घेतलंच तर अंदाजात भरपूर हवा भरून घेते. आणि हेच आम्ही रविवारी गॅरेजमध्ये जाऊन पंधरा पावसाळे पाहिलेल्या बोल्टचा भाव विचारतो, तोही फिक्स! "नक्की किती होतील ते सांग." तो बिचारा तीनशे म्हणतो, कारण बाराशे म्हटलं तर आपण पुढच्या गॅरेजला जाऊ. बोल्ट सुटला तर त्याला तीनशे मिळतात, तुटला तर उरलेला सगळा दिवस फुकट. धोका कोणाच्या डोक्यावर ठेवला? दोघांपैकी ज्याच्या खिशात कमी आहे त्याच्या.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. "पण त्याचं रोजचंच काम आहे ना? त्याला यायलाच पाहिजे." बरोबर आहे, कौशल्य अपेक्षितच आहे. पण ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर आपण निमूट सही करतोच की. सर्जनचंही ते रोजचंच काम असतं. तिथे आपल्याला कळतं की कौशल्य एक गोष्ट आणि आतली अवस्था दुसरी. मग गॅरेजमध्ये का कळत नाही? माझ्या मते याचं कारण एवढंच की एकाच्या अंगावर पांढरा कोट असतो आणि दुसऱ्याच्या अंगावर ग्रीसचे डाग.

हे डाग आपल्याला कमीपणाचे वाटतात याची सुरुवात कॉलेजातच होते. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकात एक बसवायचे. किती जणांनी तो जॉब स्वतः घासला? ओळखीच्या बऱ्याच जणांनी तो आयता मिळवला, कारण 'आपल्याला पुढे कोडिंगच करायचंय'. तिकडे आयटीआयचा फिटर दोन वर्षं हेच घासत असतो. दोन वर्षांनी त्याच्या मनगटाला लोखंड बोलतं. आपल्याला सूत्र पाठ असतं, पण बोल्ट सुटतोय की पिळतोय हे हाताला कळत नाही. आणि व्यवहारात भाव मिळतो तो सूत्राला.

आता दुसरी बाजू, कारण मिस्त्री लोकही काही सगळे संत नसतात. बोल्ट बघितला न बघितला की थेट चार फुटी पाइप अडकवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांनी तोडलेला बोल्ट मालकाचा असं मी म्हणणार नाही. माझ्या मते मिस्त्रीने चार गोष्टी करायला हव्यात. गाडी वर घेतल्यावर मालकाला खाली बोलवून बोल्टची अवस्था बॅटरी मारून दाखवावी. तुटला तर पुढे काय करावं लागेल आणि साधारण किती लागेल हे पाना लावायच्या आधी सांगावं. तेल मुरायला वेळ द्यावा, त्यासाठी 'गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा' असं सांगावं. आणि तुटलेला तुकडा मालकाच्या हातात द्यावा. तुकड्याच्या तोंडाकडे पाहिलं तर बरंच कळतं. कडेने आधीचा काळा-तपकिरी गंज आणि मध्ये थोडासाच ताजा चकचकीत भाग दिसला, तर बोल्ट आधीच गेलेला होता. पूर्ण तोंड चकचकीत असेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

मालकाने काय करावं? गाडी आदल्या दिवशी सोडावी. सुटला तर अमुक, तुटला तर तमुक असे दोन दर आधी ठरवावेत. आणि मुख्य म्हणजे कुठला बोल्ट तोडायचा आणि कुठला जपायचा यातला फरक समजून घ्यावा.

हा फरक महत्त्वाचा आहे. माझ्या गाडीवर होते तसे आरपार बोल्ट असतील तर ते तुटणं हे संकटच नाही. नवा नट-बोल्ट पन्नास रुपयांच्या आत येतो. खरं सांगायचं तर अशा बोल्टवर तास घालवण्यापेक्षा ग्राइंडरने सरळ कापणं शहाणपणाचं असतं. मी सोडवत बसलो ते हौस म्हणून. पण इंजिनाच्या हेडमध्ये किंवा मॅनिफोल्डमध्ये रुतलेला स्टड ही वेगळी गोष्ट आहे. तो आत तुटला की ड्रिल मारणं, नवे आटे पाडणं, नाहीतर उरलेल्या टोकाला नवा नट वेल्ड करून फिरवणं आलं. (ही वेल्डिंगची युक्ती बऱ्याचदा चालते, कारण वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते आणि पकडायला नवं डोकंही मिळतं.) 'इझी-आउट' नावाचं एक हत्यार मिळतं, भोक पाडून आत उलटं फिरवायचं. त्याच्या नावावर जाऊ नका. ते कडक पोलादाचं आणि ठिसूळ असतं. आत तुटलं तर त्यावर साधं ड्रिल चालत नाही, आणि मग हेड उतरवून वर्कशॉप गाठावं लागतं. हे काम घरी करू नये, आणि गॅरेजवाल्याने यासाठी दोन हजार मागितले तर घासाघीस करू नये.

मग घरी करावं की नाही? माझं उत्तर, एकदा करावं. मागच्या किंवा मधल्या जोडावरचा आरपार बोल्ट निवडावा, जो तुटला तरी काही बिघडत नाही. गाडी पूर्ण थंड असावी. सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना अडसर, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कुठल्याही कारणाने जाऊ नये. जॅक-स्टँड घ्या. विटा रचू नका, विटा आडव्या भाराने फुटतात. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण वर बघून काम करताना गंजाचा भुगा थेट डोळ्यात पडतो. आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवा. दोन दिवस तेल मुरवून, तापवून हलला नाही तर झाकून गॅरेजला न्यायचा. त्यात कमीपणा काहीच नाही.

याने पैसे वाचतात का? मुळीच नाही. टॉर्च, सॉकेट, स्प्रे, स्टँड यांचा हिशोब केला तर त्या पैशांत तीनदा गॅरेजमध्ये काम झालं असतं. वेळेचा हिशोब तर काढूच नका. मिळतं ते दुसरंच. गंज आणि पोलाद यांच्या मधली ती अदृश्य रेषा हाताला एकदा जाणवली की दुसऱ्याच्या हातातला पाना तुम्हाला वेगळा दिसायला लागतो. मिस्त्री अर्धा तास नुसता तेल मारून चहा पीत बसला तर तो वेळ काढत नाहीये, काम करतोय, हे कळतं. आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे देताना हात आखडत नाही.

माझ्या तिसऱ्या बोल्टचा उरलेला तुकडा शेवटी ग्राइंडरनेच कापला. नवं पॅकिंग, तीन नवे बोल्ट, आणि आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस. ही शेवटची पायरी बहुतेक गॅरेजांत गाळली जाते आणि मालकही मागत नाही. वाटाण्याएवढं ग्रीस लागतं. ते उष्णतेने जळून जात नाही, तेल उडालं तरी तांब्याची पूड आट्यांमध्ये राहते आणि पोलादाला पोलाद चिकटू देत नाही. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये असेल तेव्हा एवढं मागून घ्या. पाच-सात वर्षांनी ते बोल्ट जो कोणी सोडवेल, मग तो तुम्ही असाल, तुमच्यानंतर गाडी घेणारा असेल किंवा एखादा मिस्त्री, त्याची दुपार वाचेल.